पिठाच्या माश्या

फेब्रुवारी १९८६. मुलुंडच्या डोंगरालगतच्या चाळीमागे दोन मधपेट्या होत्या. एक विमलाची, दुसरी तिची धाकटी जाऊ कुंदा हिची. मधमाशीपालनाच्या वर्गातून दोघींना त्या एकाच दिवशी मिळाल्या होत्या. रविवारी सर तपासणीला येणार होते. जिची वसाहत कमजोर, तिची पेटी परत जाणार होती.

काटेसावर फुलायला अजून अवकाश होता, म्हणून माश्यांना साखरेचा पाक द्यायचा होता. वर्गात बजावलं होतं : पाक दिवस मावळल्यावर द्यायचा, थेंबही बाहेर सांडायचा नाही.

कुंदाची पेटी घुमायची. येणारा-जाणारा तिथे थांबून कौतुक करायचा. विमलाच्या पेटीच्या दारात दहा-बारा माश्या. विमला रोज दोन्हीकडच्या मोजायची.

सोमवारी कुंदा रेशनच्या रांगेत गेली. तिला दिसू नये म्हणून विमलाने सकाळी अकरालाच पेटी उघडली आणि दुप्पट पाक ओतला. थोडा दारापुढच्या फळीवर ओघळला. बारापर्यंत दारात ही गर्दी! कुंदा पिशवी घेऊन येताच विमलाने हाक मारली.

"ये गं, बघ. तुझ्याच पेटीला माश्या असतात असं नाही."

कुंदाने वाकून पाहिलं. दारात माश्या एकमेकींना ओढत होत्या.

"वहिनी, ह्या तुमचा पाक लुटतायत. माझ्या पेटीतल्या आहेत ह्या."

"नाव लिहिलंय का त्यांच्यावर? माझं जरा बरं झालं की तुझ्या पोटात दुखतंच."

कुंदाने घरातून मूठभर तांदळाचं पीठ आणलं आणि बाहेर पडणाऱ्या माश्यांवर उडवलं. पांढऱ्या झालेल्या माश्या अंगणावरून सरळ गेल्या आणि कुंदाच्या पेटीत शिरल्या. एकामागून एक. विमला बघत राहिली.

कुंदानेच दार गवताने बुजवून एका माशीपुरतं ठेवलं, फळी पुसली, ओलं गोणपाट टाकलं. संध्याकाळी पेटी उघडली तेव्हा राणी शाबूत होती, माश्या मात्र मूठभर उरल्या होत्या. कुंदाने आपल्या पेटीतली, पिलांनी भरलेल्या पोळ्याची एक चौकट काढली.

"घ्या. दोन-तीन दिवसांत बाहेर येतील."

विमलाला नको म्हणायचं होतं. तिने चौकट घेतली.

रविवारी सरांनी झाकण उचललं. "वा विमलाबाई, तरुण माश्या बऱ्याच दिसतात. पेटी राहू दे."

"वहिनींनी पाक वेळेवर दिला ना," कुंदा म्हणाली.

सर गेले. विमलाने दोन्ही पेट्यांच्या दारांतल्या माश्या मोजल्या. कुंदाकडे अजूनही जास्त होत्या.