नेरेइदाचा फोटो

तीन वर्षं मी लोइसा या नदीकाठच्या गावातल्या पोरापोरींचे फोटो काढत होते. शनिवारी दुपार कलली की कुणाच्या तरी गॅरेजमधून गाडी बाहेर निघायची, स्पीकर आत जायचे आणि रेगेटॉनच्या नाचगाण्यांच्या ठोक्यांनी वरचे पत्रे थरथरायचे.

ओमारी एकोणीस वर्षांचा, केस कापायच्या दुकानात कामाला. एका शनिवारी तो पिवळा स्कर्ट, कानांत मोठ्या रिंगा आणि लालभडक ओठ अशा थाटात आला.

"ताई, आज ओमारी नको. नेरेइदा म्हण."

"बरं बाई नेरेइदा, हनुवटी जरा वर."

"ए भवाने, माझ्यापेक्षा छान दिसतेस, लाज वाटू दे!" एक मुलगी ओरडली. सगळे हसले. तो इतका मोकळा मला कॅमेऱ्यातून कधीच दिसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी प्रिंट घेऊन त्याच्याकडे गेले. तो अंघोळीला गेला होता. त्याच्या आजीनं, जिला सगळे मानानं दोन्या प्रोवी म्हणत, पाकीट माझ्या हातातून काढूनच घेतलं. आता नातवाला शिव्या बसणार, असं मला वाटलं.

पण ती फोटो बघत खुर्चीत बसली. "हा कुठं मिळाला तुला?"

"काल काढलाय, दोन्या प्रोवी."

"काल कसा असेल? ही माझी बहीण. नेरेइदा. नाचायला म्हणून गेली आणि नदीनं नेली. बावन्न वर्षं झाली. या घरात तिचं नाव कुणी काढत नाही."

मी तिला नाव सांगितलंच नव्हतं.

ओमारी बाहेर आला तेव्हा आजीनं फोटो कोनाड्यात ठेवून पुढं मेणबत्ती लावली होती.

"आजी, विझव ती! मी जिवंत आहे."

"हे नाव तुला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. लिपस्टिक लावताना आरशासमोर तोंडात आलं."

तिनं मेणबत्ती विझवली. मग त्याला पायाशी बसवून त्याचे ओले केस विंचरू लागली.

"हळू गं," ओमारी डोळे मिटून म्हणाला, "आपण दोघी लहान होतो तेव्हाही अशीच ओढायचीस. आईचा मार खाल्लास त्यापायी."

आजीचा हात थांबला. ओमारीनं दचकून माझ्याकडं पाहिलं.

"ताई, काय बोललो मी आत्ता?"

आजी पुन्हा विंचरू लागली, अगदी हलक्या हातानं.