आजोबांचे पाणी आणि माझ्या मिशा

माझ्या तोंडाकडे नीट पाहिलेत, तर डावीकडे मिशा दिसतील आणि उजवीकडे नुसते खुंट. हसू नका, मित्रांनो. मी एक म्हातारा कोरीडोरस मासा आहे आणि या मिशा कशा गेल्या ते सांगायचे, तर मला सगळा जन्मच सांगावा लागेल. जन्म तसा लांबलचक नाही. आठ वर्षांचा मी, आणि त्यातली जवळजवळ सगळी वर्षे एकाच काचेच्या पेटीत काढलेली. माझ्यासारखे बारा मासे एकामागे एक उभे केले, की ती पेटी संपते. मी ती इतक्या वेळा पार केली आहे की आता मोजणेही सोडून दिले आहे.

मी जन्मलो एका सिमेंटच्या हौदात. तळाशी मऊ गाळ होता आणि भावंडांची गणतीच नव्हती. आम्ही कोरीडोरस मंडळी तळाची. तोंड खाली, मिशा गाळात, आणि दिवसभर चाचपणी चालू. तुम्हाला हात, नाक आणि जीभ मिळून जे कळते, ते आम्हाला मिशांनी कळते. शिवाय अंगावर कठीण पट्ट्यांचे चिलखत. आणि आणखी एक कसब: मधूनच सुळकन वर जायचे, हवेचा एक घोट गिळायचा आणि परत खाली यायचे. मला वाटायचे, एवढी सामग्री असलेल्या माशाचे कोण काय वाकडे करणार!

मग एके दिवशी जाळे आले आणि मी दुकानात पोहोचलो. तिथून एक आजोबा आणि त्यांची नात मला घेऊन गेले. पिशवीत बांधता बांधता दुकानदाराने त्यांना तीन गोष्टी सांगितल्या. मी पिशवीतच होतो, म्हणून एकही शब्द चुकला नाही.

"हे एकटेदुकटे राहत नाहीत, सहा तरी न्या. खाली बारीक वाळू घाला, खडी नको. आणि नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून मगच टाकीत घाला."

पहिल्या गोष्टीवर आजोबा म्हणाले, "साफसफाईलाच हवेत ना? मग दोन पुरेत." दुसरीवर नातीने निळी खडी उचलली. कारण काय, तर ती चमकत होती. तिसरी गोष्ट मात्र आजोबांना झोंबली.

"पाण्याचं मला सांगू नका," ते म्हणाले. "तीस वर्षं जलशुद्धीकरण केंद्रात काढलीत मी. अख्खं शहर माझ्या हातचं पाणी प्यायलंय. एकाचं पोट बिघडलं नाही."

दुकानदाराने पिशवीला गाठ मारली. मी आणि माझ्यासोबत निवडलेली एक मासोळी, दोघे पिशवीत हेलकावे खात घरी आलो. ती माझ्याहून अंगाने मोठी होती, म्हणून मी तिला थोरली म्हणत असे.

टाकी बाहेरच्या खोलीत होती, शिवणयंत्राच्या शेजारी. आजोबांची सून तिथे बसून लोकांचे कपडे बेतायची. यंत्र चालू झाले की काच थरथरे आणि आम्ही दोघे कोपऱ्यात जाऊन एकमेकांना टेकून बसत असू. वरच्या मजल्यावर, म्हणजे वरच्या पाण्यात, लाल माशांची एक टोळी होती. नात पाण्यावर खाऊ भुरभुरायची, तो टोळी फस्त करायची, आणि आमच्या वाट्याला काही आले तर आले. "ते सफाईवाले आहेत, खालचं उष्टं खातात," असे घरात ठरून गेले होते. मित्रांनो, कामाचे नाव चिकटले की पोटाची चौकशी कोणी करत नाही. आम्ही निळ्या खडीत भुकेने तोंड खुपसायचो आणि त्या धारदार कडांवर आमच्या मिशा रोज थोड्या थोड्या झिजायच्या.

पण खरी भीती होती रविवारची.

रविवारी बादली खणखणायची. आजोबा बाह्या सरसावून यायचे, आम्हाला जाळ्याने उचलून एका डब्यात टाकायचे आणि सगळी टाकी रिकामी करायचे. खडी घासून, काचा घासून, गाळणीचा स्पंज पिळून पिळून पांढरा करायचे. मग नळाला रबरी नळी लावून ताजे, फेसाळते पाणी थेट टाकीत सोडायचे. काचेवर टिचकी मारून म्हणायचे, "हे बघ. आरपार! केंद्रातल्या टाक्यासुद्धा अशाच लखलखायच्या."

आणि आम्हाला त्या आरपार पाण्यात सोडायचे.

ते काय असते, ते तुम्हाला कसे सांगू? डोळ्यात साबण गेल्यावर जशी आग होते, तशी आग आमच्या कल्ल्यांमध्ये व्हायची, आणि कल्ले मिटून घेता येत नाहीत. श्वास घ्यावा तर आग, न घ्यावा तर जीव जातो. मी वर धाव घ्यायचो, हवेचा घोट गिळायचो, खाली यायचो, पुन्हा वर. थोरलीचेही तेच. बाहेर नात टाळ्या पिटायची.

"आजोबा, बघा ना, कसे उड्या मारतायत!"

"ताज्या पाण्याने तरतरी आली," आजोबा म्हणायचे.

अजून एक सांगतो. आम्हा कोरीडोरसांचा डोळा खोबणीत खाली फिरतो. बघणाऱ्याला वाटते, डोळा मारला. कपड्यांचे माप द्यायला आलेल्या बायकांना नात हाताला धरून टाकीपाशी आणायची, "हा बघा, आमचा मासा डोळा मारतो!" मी आगीने डोळे फिरवत असायचो आणि बाहेर हशा पिकायचा. त्या वेळेइतका मी कधीच कोंडलेला नव्हतो. काच एवढीशी, तुमच्या बोटाहूनही पातळ, आणि तिच्यातून माझे एक अक्षर बाहेर जात नव्हते.

दर रविवारनंतर लाल टोळीतला एखादा उलटा तरंगायचा. आजोबा दुकानदाराच्या नावाने बोटे मोडायचे, "कच्चे मासे गळ्यात मारतो," आणि नवे आणायचे. थोरलीने खाणे सोडले. एका बाजूला कलून ती खडीवर पडून राहायची. मी तिला ढुशी देऊन वर ढकलायचो, म्हणजे ती निदान एक घोट हवा तरी गिळेल. माझ्या डोक्यात दुसरा विचार नव्हता. पुढचा रविवार तिला झेपणार नाही, हे मला कळत होते, आणि रविवार थांबवणे माझ्या हातात नव्हते. हात तर नव्हतेच.

तो रविवार आलाच. त्या आठवड्यात नळाला गढूळ पाणी येत होते. बादली भरली आणि सूनबाईंनी यंत्र थांबवून नाकाला पदर लावला.

"बाबा, केवढा वास येतोय पाण्याला!"

"कसला वास?"

"औषधाचा. अख्ख्या खोलीत भरलाय."

नात बादलीवर वाकली आणि ठसकली. "पोहण्याच्या तलावासारखा येतोय, आजोबा. तुम्हाला नाही येत?"

आजोबांनी बादलीत जवळजवळ नाक बुडवले. त्यांना काही येत नव्हते. तीस वर्षे क्लोरीनच्या खोलीत काढलेल्या नाकाला त्याची ओळखच उरली नव्हती. पण हे त्यांना मान्य कसे व्हावे? पाणी टाकीत सोडून, आम्हालाही त्यात टाकून ते तरातरा आत गेले आणि कपाटातून एक लाकडी पेटी घेऊन आले. निवृत्तीच्या वेळी केंद्रातल्या लोकांनी दिलेली ती पाणी तपासायची पेटी होती.

"बस इथे," ते नातीला म्हणाले. "आता तुला दाखवतो, पाणी चोख आहे की नाही."

त्यांनी टाकीतले पाणी काचेच्या नळीत घेतले आणि त्यात औषधाचे दोन थेंब सोडले. पाणी पिवळे झाले. मग आणखी पिवळे. हळदीसारखे गडद.

"बघितलंस?" आजोबांची छाती फुगली. "गढूळ पाणी आलं की पोरांनी बरोबर डोस वाढवलाय. शाबास!"

"पिवळं म्हणजे चांगलं?"

"पिवळं म्हणजे क्लोरीन. क्लोरीनचं कामच ते. पाण्यात जे जे काही जिवंत असेल, ते सगळं मार..."

वाक्य तिथेच राहिले.

नळी हातात तशीच धरून आजोबा वळले आणि त्यांनी टाकीत पाहिले. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी काच पाहिली नाही, आम्हाला पाहिले. मी वर-खाली धावत होतो. थोरली खडीवर आडवी होती आणि तिचे कल्ले भराभर हलत होते.

"अरे देवा," ते म्हणाले. "दुकानदार सांगत होता."

मग त्या म्हाताऱ्या हातांनी जी घाई केली, ती मी विसरणार नाही. त्याच पेटीत खड्यांची एक बाटली होती. पाण्याचे नमुने घेताना त्यांतला क्लोरीन मारायला हे खडे वापरतात. त्यांनी चार खडे वाटीत विरघळवून टाकीत ओतले, हाताने पाणी ढवळले, पुन्हा नळी भरली, पुन्हा थेंब टाकले. पाणी फिके पिवळे. अजून दोन खडे. या वेळी पाणी बिनरंगाचेच राहिले. माझ्या कल्ल्यांतली आग विझली आणि मी तळाला टेकून नुसता श्वास घेत राहिलो.

थोरलीला मात्र उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. मी तिला ढुशी देत होतो, पण ती वर गेली नाही. आजोबांनी तिला जाळ्याने काढले नाही. बाही वर करून हात पाण्यात घातला आणि तिला तळहातावर घेतले.

"शहराला पाणी पाजलं," ते सुनेला म्हणाले, "आणि घरातल्या मुक्या जिवांना..." सूनबाई उठल्या आणि त्यांनी हातातला पंचा पुढे केला.

मला राग आला होता, मित्रांनो. अजूनही येतो. वाईट माणसाने मारले असते, तर रागाला जागा तरी मिळाली असती. हा माणूस दर रविवारी घाम गाळून आमची टाकी घासत होता.

त्या आठवड्यात निळी खडी बाहेर गेली. आजोबांनी बारीक वाळू आणली, चाळून, धुऊन, मुठीतून सोडून पाहून. वाळूवर त्यांचा हात बसलेला होताच. केंद्रात पाणी गाळायच्या वाळूच्या वरच्या थरात पाणी स्वच्छ करणारे सूक्ष्म जीव असतात, आणि तो थर कोणी उगाच खरवडला तर हेच आजोबा तिथल्या माणसांवर ओरडायचे. घरी मात्र खडीवरचे आणि स्पंजातले तसलेच जीव त्यांनी स्वतःच दर आठवड्याला घासून काढले होते. आता स्पंज टाकीच्याच काढलेल्या पाण्यात हलकेच बुचकळतात, आणि एका वेळी पाव टाकीच पाणी बदलतात. पाच नवे कोरीडोरस आले. आमच्यासाठी तळाला बुडणाऱ्या खाऊच्या गोळ्या येऊ लागल्या. माझ्या डाव्या मिशा पुन्हा फुटल्या. उजव्या मुळापासून गेल्या होत्या, त्या आल्या नाहीत.

आता खोलीच्या दारात शनिवारपासून एक बादली उघडी उभी असते. येणारा जाणारा तिला अडखळतो, सूनबाई कुरकुरतात आणि वळसा घालून जातात. नात आता कॉलेजला जाते. आजोबांचा हात थरथरतो, म्हणून थेंब तीच सोडते. पण त्याआधी आजोबा न चुकता म्हणतात, "आधी तू वास घे गं. माझ्या नाकाचं काही खरं नाही."

आणि नळीतले पाणी बिनरंगाचे दिसले, तरी ते स्वतः खाली वाकून आधी माझ्याकडे बघतात. मी डोळा फिरवला, तर ते हसत नाहीत. बादली बाजूला ठेवतात आणि विचारतात, "काय रे, ठीक आहे ना?"

मला उत्तर देता येत नाही. पेटी अजून तेवढीच आहे, आणि मी तिच्यातच मरणार, हे मला माहीत आहे. म्हणून एवढेच मागतो, मित्रांनो. ज्याला तुम्ही काचेआड ठेवले आहे, त्याला दार उघडून पळता येत नाही आणि ओरडताही येत नाही. त्याची टाकी किती लखलखते ते नंतर बघा. आधी तो श्वास कसा घेतो आहे, ते बघा.