दूध साकळलंय

फ्रिजमध्ये कोबीची पानं गार करत ठेवली होती. गरम पाण्याच्या पिशवीचं बूच गळत होतं. बाळ डाव्या बाजूला तोंडच लावत नव्हतं.

थोरली प्रसूती वॉर्डात नर्स. बाळाला अंगावर कसं घ्यायचं, हे नव्या आयांना शिकवणं तिचं काम. ‘पाजलंत तर कॅन्सरचा धोकाही कमी होतो,’ हे वाक्य तिच्या जिभेवर बसलेलं. त्यामुळे धाकटी बहीण म्हणाली, "ताई, छातीतली ही गाठ काही जात नाही गं," तेव्हा तिने नुसती बोटं फिरवून पाहिली.

"दूध साकळलंय. शेक दे, वर कोबीची गार पानं लाव, आणि आधी डावीकडे पाज. तीन पोरं पाजलीस, तुला काय धाड भरलीय? चालतीबोलती डेअरी तू!"

दोघी पोट धरून हसल्या होत्या.

आज डॉक्टरांनी सांगितलं की रोग यकृतापर्यंत गेला आहे.

"पण तिने तिघांना पाजलंय," थोरली म्हणाली.

"धोका कमी होतो, सिस्टर. संपत नाही. तुम्हाला मी सांगायला हवं का?"

बाहेर बाकावर धाकटीने विचारलं, "औषध सुरू झालं की पाजायचं नाही म्हणाले. मग हा झोपणार कसा गं?"

वॉर्डात या प्रश्नाला थोरलीकडे उत्तरं असतात. तिने बाळाला खांद्यावर घेतलं. ते तिच्या गणवेशावर तोंड घासत शोधू लागलं, मग किंचाळू लागलं. तिला त्याला गप्प करता आलं नाही.

धाकटीने गाठ पहिल्यांदा दाखवली तेव्हा ती वाटाण्याएवढी होती.