काकांच्या बोटाखालचं गवत

आमच्या कुरणातून रस्ता न्यायचं बांधकाम खात्यानं ठरवलं, तेव्हापासून माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. हिवाळ्यात मेंढ्यांना तेवढंच ते ग्रामा नावाचं गवत. ते गेलं की कळप विकायचा. बचावाची वाट एकच. या गवतात एक दुर्मिळ निवडुंग उगवतो. तो जागेवर दाखवा, रस्ता टेकडीमागून वळवतो, असं खात्यानं लिहून दिलं होतं.

पण मेला दिसेल तर ना. उंचीला करंगळीएवढा, हे गवत गोल कडं करून वाढतं त्या कड्यात घुसून बसलेला, आणि काटे म्हणाल तर वाळक्या पात्यांसारखेच चपटे, कागदी. निवडुंगानं कसं चारचौघांत निवडुंगासारखं दिसावं, याला गवत व्हायची हौस.

विद्यापीठातल्या हॅडलीबाई तीन दिवस गुडघ्यांवर रांगल्या. काल त्यांना एक सापडला. शेजारी लाल झेंडी रोवून त्या कॅमेरा आणायला गाडीकडे गेल्या, तेवढ्यात आमच्या गाईनं झेंडी खाल्ली. दुष्काळात तेरावा महिना. बाई मटकन खाली बसल्या. कशावर बसल्या ते देव जाणे.

आज सकाळी आठ वाजता क्रेसेन्सियोकाकांना दुसरा सापडला. हे माझे चुलतसासरे, वय अठ्ठ्याहत्तर. पालथे पडून त्यांनी त्यावर बोट ठेवलं ते ठेवलंच.

"काका, बोट हलवाल तर याद राखा," मी बजावलं.

"अगं, नाकाला खाज सुटलीय."

त्यांचं नाक मी खाजवलं. दोनदा.

साडेअकराला खात्याचे स्टबलफील्डसाहेब आले. वाकून पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. "हे गवत आहे," ते म्हणाले.

"तुझा बाप गवत," काका जमिनीशी पुटपुटले.

हॅडलीबाई कानाशी लागल्या, "अपोलोनिया, साहेबांना अर्धा तास अडकवून ठेव. कळी आलीय, बाराच्या उन्हात उमलेल." मी डब्यातला बरीतो, हिरव्या मिरचीची पोळीची गुंडाळी, पुढे केला. साहेबांनी उभ्या उभ्या खाल्ला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि आणखी एक मागितला.

ऊन डोक्यावर आलं. तेवढ्यात काका म्हणाले, "पोरी, हे माझं बोट ढकलतंय गं."

त्यांनी बोट बाजूला घेतलं. गवतातून पांढरंशुभ्र, रेशमी फूल उमललं. साहेब बघतच राहिले. मग त्यांच्या बुटाशेजारी दुसरं उमललं. माझ्या मागे तिसरं. काकांच्या कोपराशी दोन. आंधळा मागतो एक डोळा, तसं झालं. हॅडलीबाईंनी एकतीस फुलं मोजली आणि त्या ओरडल्या, "कुणी पाय हलवू नका."

साहेबांचा एक पाय नेमका हवेत होता.

"मग मी हा ठेवू कुठं?" त्यांनी विचारलं.

"ठेवूच नका. फुलं मिटेपर्यंत तीनेक तास लागतील," बाई म्हणाल्या.

"आणि मिटल्यावर?"

"मग दिसणारच नाहीत. तेव्हा तर अजिबात हलू नका."

साहेबांनी कागद काढला. टेकायला काही नव्हतं म्हणून मी त्यांच्यापुढे पाठ वाकवली. एका पायावर झोकांड्या खात त्यांनी माझ्या पाठीवर 'रस्ता टेकडीमागून' असं लिहिलं. पेन चांगलंच टोचत होतं आणि मी फुलांवर टपटप रडत होते.

"साहेब," मी म्हटलं, "सही जरा दाबूनच करा."