लाफाएलेमामांचं हसू

“हसू नकोस, पोरी. लाकडात पटाशी शिरलेली असताना हसलं, की हात चळतो.”

मित्रांनो, माझ्या कानांवर पडलेला हा पहिला आवाज. मी एक जुनी बॅट आहे, सामोआतल्या सवाई बेटावरची. तुमच्या बॅटीसारखी चपटी नव्हे. नीरफणसाच्या लाकडाची, तीन बाजूंची, मुठीला काथ्या गुंडाळलेली. चेंडू माझ्यावर आदळून कुठे जाईल, ते मारणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

मला घडवलं लाफाएलेमामांनी. ते गावचे मानकरी, चेहरा कातळासारखा. मामी गेल्यापासून त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं. मला रंगवलं त्यांच्या भाचीनं, फुआतिनोनं. एका बाजूवर तिनं उडते मासे काढले. दुसरीवर किनाऱ्यावरचा तो खडक काढला, ज्याच्या भोकातून समुद्र कारंज्यासारखा उसळतो. मागच्या सामन्याला जाताना बस तिथं थांबली होती. मामांनी भोकात नारळ टाकला, लाट आली आणि नारळ माडांच्याही वर गेला. सगळे नारळाकडे पाहत होते. फुआतिनो तेवढी मामांकडे पाहत होती.

तिसरी बाजू तिनं कुणालाच दाखवली नाही. नवी बॅट झाडाच्या सालीच्या कापडात गुंडाळून न्यायची आणि मैदानावरच उघडायची, अशी आमच्या गावची रीत.

मैदानावर आमच्या संघातल्या पेसामिनोनं कापड सोडलं, मला खांद्यावर घेतलं, आणि ढोल थांबले. शिट्ट्या थांबल्या. नाचणारे पाय होते तिथंच राहिले. माझ्या तिसऱ्या बाजूवर लाफाएलेमामा होते. तोंड उघडून, डोळे मिटून, पोट धरून हसणारे! आमच्याकडे मानकऱ्याच्या डोक्याला कुणी बोटसुद्धा लावत नाही, आणि आता त्याच तोंडानं चेंडू टोलवायचा होता. मी लाकूड असूनही गारठले.

चेंडू त्या चेहऱ्यावर लागू नये म्हणून पेसामिनो मला इकडून तिकडे फिरवीतच राहिला. तेवढ्यात चेंडू आला, माझ्या धारेवर आपटला आणि त्या नारळासारखा सरळ आभाळात गेला. खाली झेलायला तिघं उभे होते. पण त्यांची नजर माझ्यावर गेली, आणि तिघंही हसत हसत गुडघ्यांवर बसले. चेंडू त्यांच्या मधोमध पडला. सारं मैदान खदखदून हसलं.

लाफाएलेमामा उठले. तडक बसमध्ये जाऊन बसले. आम्ही जिंकलो, तरी परतताना बसमध्ये कुणी गाणं म्हटलं नाही. फुआतिनो पार मागच्या बाकावर, मला मांडीवर पालथी घालून बसली होती. नंतर तिनं कुंचला हातात धरला नाही. पुढं ती ऑकलंडला कामाला गेली.

मामांनी मला छताखालच्या आढ्यावर ठेवलं. मित्रांनो, किती धूर खाल्ला मी, किती पाली पाहिल्या! अधूनमधून मामा मला उतरवत. खोबरेल लावत, सैल काथ्या आवळत आणि बराच वेळ पाहत बसत. मला वाटे, चित्र कधी पुसलं जातंय याची वाट पाहतात. अडगळीतली वस्तू कुणी पुसून ठेवत असेल, तर का ते तिला विचारा, मित्रांनो. तिला सगळं माहीत असतं असं मात्र समजू नका.

भावाच्या लग्नाला फुआतिनो परत आली. तिच्या हातात काळ्या रंगाचा डबा होता. तिनं मला मामांसमोर चटईवर ठेवलं आणि मान खाली घातली.

“मामा, इतकी वर्षं तोंड दाखवायला लाज वाटली. तेवढा चेहरा झाकू द्या मला.”

तिनं कुंचला बुडवला. माझ्यावर काळा थेंब पडणार, तोच मामांनी तिचं मनगट धरलं.

“रागावून नव्हतो उठलो मी,” ते म्हणाले. “तुझी मामी गेली, तेव्हा माझं हसूही गेलं असं मी धरून चाललो होतो. नारळ उडाला तेव्हा ते निसटलं, आणि तू ते सगळ्यांसमोर उघडलंस. तिथं बसलो असतो, तर मानकरी रडताना दिसला असता.”

मामांनी डबा जवळ ओढला, मला मांडीवर घेतलं आणि माझ्यावरच्या हसऱ्या तोंडावर बोट ठेवलं.

“रंग आणलाच आहेस, तर इथले दोन दात खोडून टाक. माझे पडलेत.”