हिरवी तार

काडी हे नाव त्याला शाळेतच पडलं, अंगकाठीवरून. पुढे तेच पोस्टरवर छापलं गेलं. चौदाव्या वर्षी त्याने पहिल्यांदा इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवली, तेव्हा आई म्हणाली होती, "बरं झालं, आता वाऱ्याने उडायचा नाही." त्यानंतर पंचवीस वर्षं तो गोदामांत, कॉलेजच्या मैदानांवर, गळक्या हॉलमध्ये वाजवत राहिला. त्याच्या रॉक बँडचे चार अल्बम निघाले, त्यातले दोन चालले. तार ओढून धरायची आणि सूर अगदी रडकुंडीला आला की सोडायची, ही त्याची खासियत. नुसत्या त्या सुरावरून लोक ओळखायचे, हा काडी.

मग एका दुपारी उघड्या मैदानावर कार्यक्रम होता. दुसऱ्याच गाण्यात तो साथीला गायला म्हणून माइककडे वाकला. डावा हात तारांवर होता. ओठ माइकच्या जाळीला लागले मात्र, हात तारांवर आवळला गेला तो सुटेचना. ओरडावं तर दातखीळ बसलेली. समोर हजारभर माणसं उड्या मारत होती, त्यांना वाटलं गडी रंगात आलाय. मागे ड्रम वाजवणाऱ्या ढोल्याने तेवढं ओळखलं. ड्रम ओलांडून तो धावला आणि लाथेने त्याने माइकचा स्टँड उडवला.

दोन बोटं आणि ओठ भाजले होते. "जिवावरचं बोटांवर निभावलं," असं डॉक्टर म्हणाले. तिसऱ्या दिवशी ढोल्या खाटेशी बसून म्हणाला, "मैदानावर वायरिंग करणाऱ्या वायरमनची चूक आहे. त्याला धरलाय सगळ्यांनी. लायसन्स जाणार म्हणे."

तेव्हा काडीला एक गोष्ट आठवली, आणि पांघरुणातही त्याचे पाय गार पडले. त्याने कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

घरी आल्यावर भीतीने त्याचा ताबा घेतला. फ्रिजचं दार तो रुमाल धरून उघडायचा. गिटार कपाटात गेली. फोन वाजला की तो उशीखाली कोंबायचा, कारण प्रत्येक फोन त्या वायरमनचाच असेल असं वाटायचं. आठ महिने असेच गेले.

एका सकाळी थोरली बहीण आली. बाबा वायरमन होते आणि त्यांच्यामागे तो धंदा तिनेच चालवला होता. स्वयंपाकघरात येऊन बघते, तर काडी लाकडी उलथन्याने दिव्याचा स्विच दाबत होता.

"काय रे, स्विच परततोयस की काय?"

तो हसला नाही. ताईचंही हसू विरलं.

"कुठाय तुझा तो गिटारचा ॲम्प्लिफायर? एकदा तपासून टाकते, म्हणजे तुझ्या मनातलं भूत तरी जाईल."

"विकला."

"मग त्या चादरीखाली काय आहे?"

"ताई, उघडू नकोस. पाया पडतो तुझ्या."

पण तिचा स्क्रूड्रायव्हर बाहेर आला होता. तिने प्लग उघडला आणि खिडकीच्या उजेडात धरला. आतली अर्थिंगची हिरवी तार कुठेच जोडलेली नव्हती.

"ही तुटलेली नाही. कापलीय," ती म्हणाली. "ॲम्प्लिफायरमध्ये बिघाड झाला की करंट जमिनीत जायचा तो हिच्यातून. ही नसेल तर तो तुझ्या अंगातून जाणार. कुणी कापली?"

"मी." काडी म्हणाला. "रेकॉर्डिंगच्या वेळी स्पीकरमधून सारखी घरघर यायची. तार काढली की थांबायची. नंतर जोडू म्हटलं, ते राहूनच गेलं."

ताईने प्लग खाली ठेवला.

"आणि तो वायरमन?"

काडी चादर पुन्हा ॲम्प्लिफायरवर ओढू लागला.

"त्याच्या जागी आपले बाबा असते तर रे?"

दुसऱ्या दिवशी ती त्याला गाडीत घालून घेऊन गेली. वायरमन आता दुसऱ्याच्या दुकानात बल्ब विकत होता. दुकानाच्या पायरीवर काडी थबकला. हा माणूस मारेल, की पोलिसांना बोलावेल? त्याने डोळे मिटून एका दमात सगळं सांगून टाकलं.

वायरमनने हातातला बल्ब खोक्यात ठेवला.

"आठ महिने मी त्या मैदानावरचा एकेक जोड मनात उलगडून बघतोय," तो म्हणाला. "सापडत काहीच नव्हतं. बायकोला म्हणायचो, कुठेतरी माझंच चुकलं असणार. लेखी द्याल हे?"

"आणलंय."

"मग ठेवा इथं आणि जा. थांबलात तर माझ्या तोंडून भलतंच काही निघेल."

कागद पोचला, चौकशी झाली आणि वायरमनला लायसन्स परत मिळालं. काडीवर पेपरात चार ओळी आल्या. दोघा-तिघांनी रस्त्यात तोंड फिरवलं. ढोल्या दीड महिना बोलला नाही. मग एक दिवस दारात येऊन उभा राहिला. "रविवारी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम आहे. येतोस का, भित्र्या?"

काडी गेला. प्लगपासून माइकपर्यंत सगळं ताईने मीटर लावून तपासलं. मग एक हात तारांवर आणि दुसरा माइकवर ठेवून ती स्वतः उभी राहिली. "बघ, मी जिवंत आहे. ये."

दोन गाणी त्याने माइकपासून हातभर लांब राहून वाजवली. भीती काही गेली नव्हती. तिसऱ्या गाण्यात मात्र त्याला गावंच लागणार होतं. डोळे गच्च मिटून तो वाकला. जाळी ओठांना लागली. गार होती.

पहिली ओळ त्याच्या घशातच राहिली. मागून ढोल्याने एक सणसणीत शिवी हासडली, आणि काडीने दुसरी ओळ उचलली.