वायचा इकामा

फेरपरीक्षेत बारावीचं गणित सुटलं नाही, तर ते सोडून दुसरा विषय घ्यावा लागेल, असं गणिताच्या शोभना मॅडमनी मला बजावलं होतं. गणित गेलं की इंजिनिअरिंगही गेलं. सौदीतल्या कतीफच्या आमच्या घरात तेव्हा माझ्याइतकं घाबरलेलं कुणी नव्हतं.

अभ्यास मी ढीगभर केला होता. सोडवलेली गणितं रंगीत पेनांनी सुबक उतरवून काढली होती. इम्प्लिसिट डिफरन्सिएशन तर वाचताना अगदी सोपं वाटायचं: x आणि y एकमेकांत गुंतलेले, y वेगळा न काढता आहे तसंच डेरिव्हेटिव्ह घ्यायचं. कोरा कागद समोर आला की मात्र y² चं उत्तर नुसतं 2y लिहून मी मोकळी. पुढचं dy/dx दर वेळी गायब.

कोळंबी सोलता सोलता अम्मी माझं ते नक्षीकाम बघून वैतागली.

"समरीन, किताब बंद कर नि मना समजाव."

मी मोठ्या तोऱ्यात सुरुवात केली. ते dy/dx चं शेपूट y लाच का, x ला का नाही, एवढंच तिनं विचारलं आणि मी पुन्हा नियमच म्हणून दाखवला. नियम पाठ होता, कारण ठाऊक नव्हतं. स्वतःचा असा राग आला!

त्याच आठवड्यात अब्बांच्या इकाम्याचं, म्हणजे सौदीत राहायच्या परवान्याचं, नूतनीकरण अडलं होतं; आमचे इकामे त्यांच्यावरच, म्हणून अम्मीचं, माझं, धाकट्या अफनानचंही अडलेलं. ते आठवलं आणि डोक्यात लख्ख उजेड पडला.

"अम्मी, y चा इकामा x वर आहे. x हलला की y हलणारच. म्हणून y ला हात लावला की तो x मुळे किती हलला, तेही लिहायचं. तेच dy/dx."

"मग रोज किताब बंद करूनच बस," अम्मी म्हणाली.

तशीच बसले. कोऱ्या कागदावर, धड्यांची सरमिसळ करून, चुकलेलं दुसऱ्या दिवशी पुन्हा. रंगीत पेनं अफनानला देऊन टाकली.

पेपरात x² + xy + y² = 7 आलं. मधल्या xy मध्ये भले भले घसरतात. मी प्रत्येक y जवळ थांबले, dy/dx लिहिलं, सगळे एका बाजूला आणले आणि उत्तर काढलं.

मॅडमनी तपासलेला पेपर हातात दिला आणि गणितच ठेव म्हणाल्या. मी जिन्यातूनच अब्बांना फोन लावला. त्यांनी धड सलामही घेतला नाही.

"गणित सुटलं?"

"सुटलं, अब्बा."